जुन्या कापडाचा मुक्ती-स्कर्ट : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

येत्या ५ मे रोजी नेदरलँड्सच्या मुक्तीला ८० वर्षे पूर्ण होतील. त्यानिमित्त अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या अ‍ॅमस्टेलवीनमध्ये आमच्या वस्तीत जर्मन ताब्याच्या काळातील (१९४०-४५) घरगुती जीवनावर एक लहान प्रदर्शन भरणार आहे आणि त्यासाठी एक ‘मुक्ती-स्कर्ट’ शिवून देण्याचे काम मी घेतले आहे. युद्ध संपल्यावर डच स्त्रियांनी घरातल्या जुन्या स्कर्टवर ठिकठिकाणच्या कापडाची ठिगळे लावून हे स्कर्ट तयार केले. खालच्या कडेला त्रिकोणी तुकड्यांची रांग असे आणि समोरच्या त्रिकोणावर ‘५ मे १९४५’ ही तारीख भरलेली असे. सुमारे ४००० स्कर्टांची रीतसर नोंदणी होऊन त्यांच्यावर आतल्या बाजूने क्रमांकाचा शिक्का मारला गेला.

नुसता दिसायला तसा स्कर्ट करायचा असता, तर शिलाई यंत्रावर तो चटकन झाला असता. परंतु त्या पाच वर्षांत कपडा टिकवण्यासाठी घराघरांत जे काम चालले, ते हातांनी करून पाहावे असा माझा हेतू आहे. म्हणून नवे कापड घ्यायचे नाही आणि नवा दोरा वापरायचा नाही, असे दोन नियम ठरवले आहेत. सुई, कात्री, अंगुस्तान आणि मेण एवढेच बाहेरचे.

१९ जानेवारी

जुन्या वस्तूंच्या दुकानातून कापड जमवले. मोनोग्राम भरलेली लिननची एक चादर ८ युरोंना, पुरुषाचा लोकरी ओव्हरकोट १५ युरोंना, दोन स्वेटर मिळून ९ युरोंना आणि काळ्या सुती कापडाचा एक मोठा पडदा ३ युरोंना मिळाला. शेजारच्या बाईंनी, ज्या त्या काळात शाळकरी होत्या, ब्लँकेटच्या कापडाच्या एका लहान कोटाची बाही दिली. कोट त्यांच्या धाकट्या भावाचा होता. बाकीचा कोट त्याच्याही नंतर कुणाकुणाच्या अंगावर झिजून संपला, असे त्यांनी सांगितले.

चादर मिळाली याचे मला विशेष समाधान आहे, कारण त्या काळच्या डच घरात चादर म्हणजे साठवलेली पुंजी होती. मुलगी लग्नाआधी चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ जमवून, त्यांवर आद्याक्षरे भरून ठेवीत असे. ऑगस्ट १९४०मध्ये कापडावर नियंत्रण येऊन, कापड घेताना पैशांबरोबर द्यायच्या पॉइंटांची कार्डे सुरू झाली. पुढे कार्डावर पॉइंट शिल्लक असले, तरी दुकानात माल मिळेना. मग कपाटातल्या याच चादरींचे शर्ट, परकर आणि लहान मुलांचे कपडे झाले. १९४४-४५च्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या शहरांत जवळपास २०,००० माणसे उपासमारीने मेली. त्या दिवसांत शहरातली माणसे चालत किंवा टायर नसलेल्या सायकली ढकलत खेड्यांत जात आणि चादरी देऊन बटाटे आणीत. आपल्याकडेही १९४३मध्ये कापड आणि सुतावर सरकारी नियंत्रण आले होते व जुन्या माणसांच्या बोलण्यात त्या टंचाईचे उल्लेख येतात, परंतु येथे कापड घेऊन जाणारी सत्ता परकी फौजेची होती आणि टंचाईचे एक मोठे कारणच ती फौज होती, हा फरक मनात पक्का ठेवून मी काम करते आहे.

२ फेब्रुवारी

दोऱ्यावर अडले. कापडाच्या टंचाईविषयी पुष्कळ बोलले जाते, दोऱ्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मात्र जुन्याचे नवे करायचे म्हटले की प्रत्येक कपड्याला दुप्पट दोरा लागतो, कारण पहिली शिलाई उसवून दुसरी घालावी लागते आणि उसवलेला दोरा तुकड्या-तुकड्यांनी निघत असल्यामुळे पुन्हा कामाला येत नाही.

चादरीतून सुईच्या टोकाने एक उभा धागा सोडवून ओढला, तो वीतभर येऊन तुटला. पुढचेही तसेच तुटले. नीट पाहिल्यावर कारण समजले. या चादरीच्या मधोमध लांबीभर एक चपटी शिवण आहे. चादर झोपण्याच्या जागी विरली की ती उभी कापायची, बाहेरच्या धडक्या कडा मध्यभागी आणून जोडायच्या आणि विरलेला भाग गादीखाली खोचला जाईल असा कडेला टाकायचा, अशी जुनी रीत होती. अर्थात या चादरीत चांगला धागा आता मध्यशिवणीच्या लगत होता आणि मी ओढत होते ते धागे शिवणीपासून दूर, पुन्हा विरू लागलेल्या पट्ट्यातले होते.

दुसरा दोष ओढण्याच्या पद्धतीत होता. घट्ट विणीतून धागा ओढला की घर्षणाने त्याचा पीळ सुटतो. त्यामुळे शिवणीलगतची साधारण ५० सेंटिमीटर लांबीची पट्टी सरळ धाग्यावर कातरली आणि कातरलेल्या कडेचे धागे झालर सोडवावी तसे एकेक करून बाजूला घेतले. अशा रीतीने धागा न ताणता निघतो आणि त्याची लांबी पट्टीइतकीच मिळते. दोन धागे एकत्र पिळून मेणावरून दोनदा ओढले की शिवण्याजोगा दोरा होतो. लिनन ओले असताना अधिक मजबूत असते, म्हणून धागे सोडवण्याआधी पट्टी किंचित ओलसर केल्यास तुटण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

संपूर्ण संध्याकाळ बसून निघालेल्या दोऱ्यात तळहाताएवढी मोजकीच ठिगळे लागतील. हा हिशेब पुढे येणाऱ्यांनी आधीच करून ठेवावा.

९ फेब्रुवारी

हाच दोरा शिलाई यंत्रात चालतो का, हे पाहिले. चालत नाही. ताण कितीही सैल ठेवला, तरी सुईच्या नाकापाशी दोरा भुगा होऊन तुटतो. त्यामुळे सर्व शिवण हातानेच होईल. ठिगळाच्या कडा आत दुमडून तुरपायच्या आणि मोठ्या तुकड्यांना आतून धावदोरा घालायचा, असे ठरवले. गोधडी शिवताना आपल्याकडे बायका जो बारीक, सरळ, न थांबणारा धावदोरा घालतात, तोच येथे सर्वांत कमी दोऱ्यात सर्वाधिक पकड देतो.

१६ फेब्रुवारी

कोट उलटण्याचे काम सुरू केले. ताब्याच्या काळात शिंप्यांकडे आणि घरांतही हे काम सतत चाले. विटलेला कोट पूर्ण उसवायचा, कापड घासून-धुऊन इस्त्री करायचे आणि आतली न विटलेली बाजू बाहेर घेऊन तोच कोट पुन्हा शिवायचा.

१५ युरोंचा ओव्हरकोट मात्र वाया गेला. अस्तर उसवल्यावर आतले कडक कापड डिंकाने चिकटवलेले निघाले. ते सोलले तर लोकरीच्या आतल्या बाजूवर डिंकाचे ठिपके राहिले आणि वाफ देऊनही निघाले नाहीत. जुन्या कोटांत हे कापड टाके घालून बसवलेले असे, म्हणून ते उलटता येत. कोट विकत घेण्यापूर्वी छातीपाशी कापडाचे दोन थर चिमटीत धरून एकमेकांवर सरकवून पाहावेत. थर सुटे सरकले तर कोट उपयोगी आहे, एकसंध लागले तर घेऊ नये. या परीक्षेत उतरलेला, बराच जुना कोट दुसऱ्या दुकानात २० युरोंना मिळाला.

तो उसवताना कॉलरखालचा भाग उघडला, तेव्हा विटून तपकिरी झालेल्या बाहेरच्या बाजूशेजारी गडद राखाडी रंगाची मूळ पट्टी दिसली. शिवणींच्या खोबणीत वर्षानुवर्षांचा धुळीचा काळा दोर जमला होता, तो कोरड्या ब्रशने काढला. कापड पाण्यात घालण्याआधीच हे करावे, नाहीतर धूळ भिजून कापडात मुरते.

कोट उलटला की छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो आणि काजेही दुसऱ्या बाजूला येतात. जुनी काजे विणून बुजवावी लागतात. उजव्या छातीवर खिसा असलेला पुरुषाचा कोट दिसला की तो उलटलेला आहे हे पाहणाऱ्याला कळे. मी खिशाच्या चिरेसह तो संपूर्ण तुकडा ठिगळ म्हणून ठेवणार आहे आणि चीर उघडी न ठेवता त्याच कोटाच्या धाग्याने बुजवणार आहे. साध्या चौकोनी तुकड्यात ही खूण उरली नसती.

२३ फेब्रुवारी

तारीख भरण्यासाठी लोकर हवी, म्हणून स्वेटर उसवायला घेतले. पहिल्या स्वेटरमधून एका ओळीइतकेच तुकडे निघू लागले. कारखान्यात विणलेले कापड सलग बेतून, कातरून, कडेला यंत्राने टीप मारून हा स्वेटर शिवला होता. कातरलेल्या विणीतून सलग धागा कधीही निघत नाही. दुसऱ्या स्वेटरच्या बगलेखालची शिवण तपासली, तर कडेचे टाके साखळीसारखे अखंड दिसले. म्हणजे त्याचे भाग आकारानुसार विणलेले होते. त्याची लोकर वरून खाली सरळ सुटली. गरम पाण्यात धुऊन आटलेला, विणीची घरे एकमेकांत गुंतलेला स्वेटर असेल, तर तो उसवण्याच्या नादी लागूच नये.

निघालेली लोकर नागमोडी असते. तिची लडी करून चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि खाली हलके वजन अडकवून वाळवली. नागमोड बहुतांशी गेली. लहान मुलाचा स्वेटर आखूड झाला की दोन स्वेटरांची लोकर एकत्र करून पट्ट्यापट्ट्यांचा मोठा स्वेटर विणण्याची पद्धत त्या वर्षांत सर्रास होती. कोपरे आधी झिजतात म्हणून बाह्यांना मजबूत लोकर राखून ठेवीत. शेजारच्या बाईंना आपल्या स्वेटरच्या पट्ट्यांचा क्रम अजून पाठ आहे.

८ मार्च

पायाचा स्कर्ट बदलावा लागला. ६ युरोंचा जो स्कर्ट पाया म्हणून घेतला होता, तो व्हिस्कोजचा होता. ठिगळे टाचून ओलसर इस्त्री केली, तेव्हा पायाचे कापड ताणले गेले आणि वाळल्यावर सर्व ठिगळांभोवती चुण्या पडल्या. व्हिस्कोज ओले झाले की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. एका ठिकाणी तर टाक्याच्या ओढीने कापडाला भोक पडले.

हा अनुभव विषयाला धरूनच आहे. समुद्रमार्गे येणारा कापूस आणि लोकर बंद झाल्यामुळे जर्मन ताब्यातील युरोपात लाकडाच्या लगद्यापासून काढलेला हाच कृत्रिम तंतू (व्हिस्कोज किंवा रेयॉन) सुतात व लोकरीत मिसळला जाऊ लागला. नेदरलँड्समध्ये आर्नेमच्या ‘एनका’चे रेयॉनचे कारखाने युद्धापूर्वीपासूनच होते. अशा कापडाचा कपडा नवा असताना चांगला दिसे, पण धुण्यात तो टिकत नसे. साबणही नियंत्रणाखाली होता आणि मिळे तो निकृष्ट असे, त्यामुळे कपडा जास्त चोळावा लागे आणि ओला असताना चोळला की हाच तंतू फाटे. युद्धापूर्वीचे जुने, विटके सुती कापड नव्या कापडापेक्षा अधिक मोलाचे का ठरले, हे ते भोक पाहताना नेमके समजते.

आता जाड सुती कापडाचा, घेर बऱ्यापैकी असलेला जुना स्कर्ट ५ युरोंना आणला आहे. लावलेली सर्व ठिगळे उसवून पुन्हा लावावी लागणार असल्यामुळे सोडवलेल्या दोऱ्यापैकी बराचसा वाया गेला आणि त्यापेक्षा अधिक म्हणजे वेळ गेला. पायाचे कापड ओले करून, ताणून, वाळवून पाहिल्याशिवाय त्यावर एकही टाका घालू नये.

२३ मार्च

मे १९४०पासून पाच वर्षे घरोघरी खिडक्या रात्री काळ्या कापडाने किंवा कागदाने झाकाव्या लागत. उजेडाची फट दिसली तर दंड होई. त्यामुळे काळे कापड बहुतेक घरांत होते आणि मुक्तीनंतर त्याचे कपडे शिवले गेले. मी घेतलेल्या पडद्याचे दोन तुकडे चादरीच्या पांढऱ्या तुकड्यांशेजारी लावले होते. ओलसर इस्त्रीत काळा रंग सुटून पांढऱ्यावर करडी कड उमटली.

रंग पक्का होण्यासाठी मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात कापड भिजवावे, असा सल्ला सर्वत्र मिळतो. तसे करून पाहिले. काहीही फरक पडला नाही. सुती कापडावरचा सुटा रंग त्याने बसत नाही. उपयोग झाला तो उकळत्या पाण्याचा. तुकडे गरम पाण्यात घालून, पाणी काळे झाले की ओतून, पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच करत राहिले. कापड थोडे राखाडी झाले, पण रंग सुटणे थांबले. करडी कड पडलेला पांढरा तुकडा मी काढलेला नाही.

३० मार्च

मांडणी निश्चित करताना या स्कर्टची मूळ कल्पना पुन्हा समोर घेतली. ती जर्मन ताब्याविरुद्धच्या डच प्रतिकार चळवळीतल्या मीस ब्वासवें-फान लेनेप यांची. ऑगस्ट १९४३मध्ये त्यांना अटक झाली. अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅमस्टेलवीनसेवेख रस्त्यावरील तुरुंगात असताना धुण्याच्या कपड्यांतून लपवून एक ठिगळांचा रुमाल त्यांच्यापर्यंत पोचवण्यात आला. त्यातला प्रत्येक तुकडा मुलांच्या, आप्तांच्या आणि मैत्रिणींच्या कपड्याचा असल्यामुळे त्यांना ओळखता येत होता. प्रतिकार चळवळीत असलेले त्यांचे दोन मुलगे, यान कारेल आणि गिडियन, १ ऑक्टोबर १९४३ रोजी गोळ्या घालून मारले गेले. पती बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत मरण पावले. त्या स्वतः राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून परत आल्या आणि त्या रुमालावरून त्यांनी सर्व स्त्रियांसाठी स्कर्टची कल्पना मांडली.

म्हणून रंगसंगतीने मांडणी करण्याचा विचार मी सोडून दिला. कोणते कापड कोणत्या कपड्याचे आणि कोठून आले, हे पाहणाऱ्याला क्रमाने वाचता यावे अशी मांडणी केली आहे. पुढे मध्यभागी भावाच्या कोटाची बाही, तिच्या उजवीकडे उलटलेल्या कोटाचा खिसा, डावीकडे चादरीचा मोनोग्राम आणि मागे खिडकीचे काळे तुकडे.

प्रदर्शनाच्या मंडळात कोणीतरी पिवळ्या कापडाचा तारा लावण्याचे सुचवले. मी स्पष्ट नकार दिला. ३ मे १९४२पासून नेदरलँड्समधील ज्यूंना तो तारा कपड्यावर डाव्या छातीवर शिवणे सक्तीचे झाले. माणशी चार तारे मिळत, त्यासाठी प्रत्येक ताऱ्यामागे ४ सेंट आणि कार्डावरचा कापडाचा एक पॉइंट द्यावा लागे. म्हणजे जो पॉइंट कपड्यासाठी वापरता आला असता, तोच देऊन आपल्यावरची खूण विकत घ्यायची. या ताऱ्यांचे कापड एन्स्खेडेच्या एका कापड गिरणीत छापले गेले. अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘हॉलंडिया-काटनबुर्ख’ कारखान्यात जर्मन सैन्यासाठी रेनकोट शिवले जात. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी तेथे छापा घालून ३६७ ज्यू कामगारांना पकडून नेण्यात आले आणि त्यांतले बहुतेक कधीच परतले नाहीत. ही माहिती मजकूर म्हणून शेजारच्या फलकावर पूर्ण द्यावी, असे मी सांगितले आणि ते मान्य झाले. जी स्त्री हा स्कर्ट आनंदाने घालून ५ मेच्या मिरवणुकीत चालली असती, तिच्या कपड्यावर तो तारा शोभेचा तुकडा म्हणून येता कामा नये.

१३ एप्रिल

त्रिकोण लावले. पहिली रांग लाटेसारखी झाली, कारण कापड वाचवण्यासाठी त्रिकोण उरलेल्या कातरणांतून जसे बसतील तसे बेतले होते आणि काहींची लांब बाजू तिरक्या धाग्यावर आली होती. तिरका धागा ताणतो, सरळ ताणत नाही. त्रिकोणाची पायाची बाजू, म्हणजे स्कर्टच्या कडेला जोडली जाणारी बाजू, नेहमी सरळ धाग्यावर असली पाहिजे. टोकाकडच्या दोन बाजू तिरक्या झाल्या तरी चालतात, त्यांना आतून अस्तराचा पातळ तुकडा लावावा. लोकरीच्या त्रिकोणाला मात्र अस्तर लावू नये, टोक जाड होऊन वळते. त्याची कड तुरपून तशीच सोडावी.

कडेची लांबी मोजण्यापूर्वी स्कर्ट कमरेच्या पट्टीवर दोन रात्री टांगून ठेवला. ओव्हरकोटाच्या ठिगळांच्या वजनाने उजवी बाजू खाली आली होती. टांगण्याआधी कड शिवली असती, तर सर्व त्रिकोण पुन्हा उसवावे लागले असते.

२१ एप्रिल

समोरच्या त्रिकोणावर ‘५ मे १९४५’ ही तारीख डच भाषेत, उसवलेल्या निळ्या लोकरीने साखळी टाक्यात भरली. लोकर जाड असल्यामुळे पाचाच्या आकड्याची वळणे बसेनात, म्हणून तिचा पीळ सोडवून अर्ध्या जाडीने भरले. अशा अर्ध्या लोकरीला ताकद राहत नाही, तेव्हा सुईत हातभरापेक्षा लांब घेऊ नये.

२७ एप्रिल

काम पूर्ण झाले. एकूण खर्च सुमारे ७० युरो आला आणि त्यातले चिकटवलेला कोट, व्हिस्कोजचा स्कर्ट व पहिला स्वेटर मिळून २५ युरो निष्फळ गेले. वेळेचा मोठा वाटा शिवण्यात गेला नाही. दोरा काढण्यात आणि उसवण्यात मिळून शिवणीपेक्षा जास्त वेळ लागला. ज्या स्त्रिया हे काम करीत, त्यांना त्याच दिवशी रेशनच्या रांगेत उभे राहायचे असे आणि १९४४च्या हिवाळ्यात संध्याकाळी दिवा लावायला वीजही नव्हती. म्हणून प्रदर्शनात स्कर्टशेजारी चादरीची अर्धी सोडवलेली पट्टी, मेणाचा तुकडा आणि काढलेल्या दोऱ्याची एक लहान लडी ठेवण्याचे ठरवले आहे. पाहणाऱ्यांना धागा स्वतः सोडवून पाहता येईल, यासाठी दुसरी पट्टी मोकळी ठेवली आहे.

मूळ स्कर्टांवरचा शिक्का येथे मारणे योग्य नव्हते, कारण तो त्या नोंदणीचा आहे. त्याऐवजी कमरेच्या पट्टीच्या आत सुती फीत शिवून तिच्यावर प्रत्येक ठिगळ कोणत्या कपड्यातून आले, एवढेच क्रमाने लिहिले आहे. स्कर्ट पाण्यात धुऊ नये. लोकर, लिनन आणि सूत वेगवेगळे आटतील. झटकून, सावलीत वारा देऊन ठेवावा आणि इस्त्री करायची झाल्यास आतल्या बाजूने, मध्ये कोरडे कापड घालून करावी.